साहेबी बूट, देशी पाऊल

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हा सल्ला घरखर्चाच्या बाबतीत शहाणपणाचा आहे. बुटाच्या बाबतीत मात्र तो पाळू नये. तिथे पाय पाहून अंथरूण घालावे लागते. आपण करतो ते नेमके उलटे. लग्नसराई जवळ आली किंवा नोकरीच्या मुलाखतीचे बोलावणे आले की आपण बुटाच्या दुकानात जातो. काचेच्या कपाटात निमुळत्या टोकाचे, आरशासारखे चकाकणारे काळे बूट मांडलेले असतात. त्यातला एक जोड पसंत पडतो. पाय आत जातो, पण बोटे एकमेकांवर चढतात. दुकानदार सांगतो, ‘‘नवीन आहे साहेब, चार दिवस घाला, आपोआप सैल होईल.’’ आपण मान डोलावतो आणि पैसे देऊन मोकळे होतो.

चार दिवसांत चामडे थोडेफार सैल होते, हे खरे. पण चार-दहा वर्षांत पायही बुटाच्या आकाराला येतो, हे कोणी सांगत नाही. डोळ्यांचा नंबर आपण तपासतो, रक्तदाब मोजतो, साखर बघतो. पायाकडे लक्ष जाते ते चालणे अवघड झाल्यावरच. म्हणून या आठवड्यात कचेरीत, शाळेत आणि समारंभात घालायच्या बंद बुटांविषयी थोडे स्पष्ट लिहायचे ठरवले आहे. माझे म्हणणे इतकेच की, रुबाबदार बूट आणि निरोगी पाऊल यांचे मुळात वैर नाही. वैर लावून दिले आहे ते फर्म्याने, म्हणजे ज्या साच्यावर चामडे ताणून बूट घडवतात त्या साच्याने. हा साचा पावलाच्या आकाराचा करता येतो, आणि तसा बूट मागण्याचा आग्रह गिऱ्हाइकानेच धरला पाहिजे.

पाऊल असते कसे?

एका पावलात २६ हाडे आणि ३३ सांधे असतात. शरीरातील एकूण २०६ हाडांपैकी ५२ हाडे, म्हणजे जवळजवळ पाव हिस्सा, दोन पावलांतच आहे. एवढी गुंतागुंत निसर्गाने उगाच केलेली नाही. टाच जमिनीवर टेकताना पाऊल सैल पडून धक्का पचवते, आणि पुढे रेटा देताना तेच पाऊल ताठ होऊन तरफेसारखे काम करते. प्रत्येक पावलाचा शेवटचा रेटा अंगठा देतो. तो सरळ असेल तरच रेटा सरळ पडतो. बाकीची बोटे पसरून तोल सांभाळतात.

घरात दीड-दोन वर्षांचे मूल असेल तर न्हाऊन आल्यावर फरशीवर उमटलेले त्याचे ओले पाऊल बघा. टाच अरुंद, आणि पुढे पुढे पाऊल रुंद होत जाते. बोटांशी ते सर्वांत रुंद असते. टाचेपासून अंगठ्यापर्यंतची आतली कड जवळपास सरळ असते. गौरी घरात आणताना आपण रांगोळीने तिची पावले काढतो, तीही अशीच असतात. बोटे मोकळी, पसरलेली. टोकदार पाऊल कोणी बाई काढत नाही.

आता कपाटातला तो साहेबी बूट तळाकडून पाहा. त्याचे टोक बरोबर मध्यावर आलेले दिसेल. दोन्ही बाजूंनी सारखा निमुळता होत गेलेला तो आकार कागदावर सुंदर दिसतो. पण माणसाच्या पावलाचे टोक मध्यावर नसतेच. बहुतेकांचे ते अंगठ्याशी असते, काहींचे अंगठ्याशेजारच्या बोटाशी. मधले बोट सर्वांत लांब असलेले पाऊल आपण पाहिले आहे काय? तरीही बूट मात्र मधले बोट सर्वांत लांब धरूनच बेतलेला असतो. अशा बुटात शिरायचे तर अंगठ्याला आपली जागा सोडून शेजारच्या बोटाकडे झुकावे लागते आणि करंगळीला आत मुडपावे लागते. दिवसाचे आठ-दहा तास, आठवड्याचे सहा दिवस हे चालते.

चावणारा बूट काय काय करतो?

सर्वांत ओळखीचा त्रास म्हणजे अंगठ्याच्या मुळाशी आतल्या बाजूला येणारा हाडाचा फुगवटा. इंग्रजीत त्याला ‘बनियन’ म्हणतात; आपल्या अंगातल्या बनियनशी त्याचा काही संबंध नाही. अंगठा बाहेर कलतो, सांध्याचे मूळ आत सरकून वर येते, तिथे बूट घासतो, सांधा लाल होतो, दुखतो. दुसरा त्रास कुरुपांचा. करंगळीवर किंवा बोटांच्या बेचक्यात सतत दाब आला की त्वचा जाड होत जाते आणि मध्ये खिळ्यासारखा कठीण भाग तयार होतो. तिसरा त्रास अंगठ्याचे नख मांसात रुतून पिकण्याचा. चौथा, आखूड बुटात बोटे मुडपून कायमची वाकडी होण्याचा. पाचवा त्रास चवड्यात होणाऱ्या आगीचा. बोटांकडे जाणारी शीर दोन हाडांच्या मध्ये चेपली गेली की चालताना ठणका लागतो आणि बूट काढून पाय चोळल्यावर बरे वाटते.

याचा अर्थ प्रत्येक वाकड्या अंगठ्याचा दोष बुटाच्या माथी मारावा असा नव्हे. अंगठा कलण्याची प्रवृत्ती काही घराण्यांत असते. सांध्यांचे काही आजारही त्याला कारण होतात. कायम अनवाणी राहणाऱ्यांतही तो क्वचित दिसतो. पण आगीला तूप मिळावे तसे घट्ट बूट या प्रवृत्तीला खतपाणी घालतात, याला पुरावा आहे. हाँगकाँगमध्ये १९५८ साली बूट घालणाऱ्या आणि न घालणाऱ्या चिनी लोकांच्या पावलांची तुलना प्रसिद्ध झाली. बूट घालणाऱ्यांत दर तिघांपैकी एकाचा अंगठा कललेला होता. अनवाणी राहणाऱ्यांत शंभरात दोघांचाही नव्हता. वंश एकच असूनही फरक एवढा पडला.

स्त्रियांची स्थिती अधिक बिकट आहे, कारण त्यांच्या पादत्राणांना टोकाबरोबर उंच टाचही येते. टाच जितकी उंच तितका शरीराचा भार चवड्यावर जातो, आणि उतारावर उभे राहिल्यासारखे पाऊल पुढे घसरून निमुळत्या टोकात रुतते. अमेरिकेत १९९३ साली ३५६ स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ८८ टक्के स्त्रिया आपल्या पावलापेक्षा लहान पादत्राणे वापरत होत्या आणि ८० टक्क्यांच्या पायांना काही ना काही दुखणे होते. तिथले शिकलेसवरलेले लोकही आपल्यासारखेच दिसण्याला भुलतात, एवढाच त्याचा अर्थ.

तक्रार जुनीच आहे

हे सारे आजच कळले असेही नाही. पेट्रस काम्पर नावाच्या डच शरीरशास्त्रज्ञाने १७८१ साली उत्तम जोडा कसा असावा यावर एक पुस्तिकाच लिहिली. घोडे, खेचरे, बैल यांच्या खुरांची माणूस काळजी वाहतो आणि स्वतःच्या पावलांना मात्र विसरतो, अशी त्याची तक्रार होती. आपल्याकडेही बैलाला पत्री मारताना खूर बघून पत्री बेततात. पत्रीसाठी कोणी बैलाचा खूर दाबून अरुंद करीत नाही.

पुढे १८५८ मध्ये झुरिकचे शरीरशास्त्रज्ञ हेर्मान फॉन मायर यांनी बुटाचा योग्य आकार सांगितला. त्यांचा नियम शाळकरी मुलालाही समजेल असा आहे. अंगठ्याच्या मध्यातून मागे सरळ रेघ ओढली तर ती टाचेच्या मध्यातून गेली पाहिजे. बुटाच्या तळावर अशी रेघ ओढता येत नसेल, तर तो बूट अंगठ्याला वाकवणारा आहे.

इंग्लंडमधील केंब्रिज येथे जुन्या दफनभूमींतील १७७ सांगाड्यांचा अभ्यास करून संशोधकांनी २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. अकराव्या ते तेराव्या शतकातील सांगाड्यांपैकी ६ टक्क्यांत अंगठा कललेला आढळला. चौदाव्या-पंधराव्या शतकातील सांगाड्यांत हे प्रमाण २७ टक्क्यांवर गेले. या मधल्या काळात तिकडे लांब, टोकदार जोड्यांची फॅशन आली होती. फॅशन गेली, ती मिरवणारे गेले, पण हाडांनी साक्ष जपून ठेवली.

या सर्वांत मला महत्त्वाचे वाटते ते अमेरिकी सैन्याचे उदाहरण. एडवर्ड मन्सन या लष्करी डॉक्टरच्या नेतृत्वाखाली एका मंडळाने चार वर्षे सुमारे दोन हजार सैनिकांच्या पावलांचा अभ्यास केला आणि १९१२ साली सैन्यासाठी नवा फर्मा मंजूर झाला. आतली कड सरळ, बोटांना जागा ऐसपैस, टाच बसकी. मैलोगणिक चालणाऱ्या सैनिकाचा पाय निकामी झाला तर सैन्यच थांबते, हे त्यामागचे साधे व्यवहारज्ञान होते. हा बूट गबाळा नव्हता. संचलनात तो पॉलिश करूनच घालायचे. म्हणजे शिस्त, रुबाब आणि पावलाचा आकार एकत्र नांदू शकतात, हे शंभर वर्षांपूर्वीच सिद्ध झालेले आहे.

मापाचा घोळ

आपल्याकडे आठ नंबर, नऊ नंबर म्हणतात ती इंग्रजी पद्धत. तिचे मूळ जवाच्या दाण्यात आहे. एक दाणा म्हणजे एक तृतीयांश इंच, आणि एक नंबर वाढला की लांबी तेवढी, म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटर वाढते. आपल्या जुन्या मोजणीतही आठ यवांचे एक अंगुळ होतेच. पण या नंबरात फक्त लांबी आहे, रुंदीचा पत्ताच नाही. इंग्लंड-अमेरिकेत एकाच नंबरात अरुंद, मध्यम, रुंद असे बूट मिळण्याची रीत आहे. अमेरिकेतील चार्ल्स ब्रॅनॉक यांनी १९२० च्या दशकात तयार केलेले पाऊल मोजण्याचे साधन लांबी आणि रुंदी तर मोजतेच, शिवाय टाचेपासून चवड्यापर्यंतचे अंतरही मोजते. आपल्या गावच्या दुकानात बहुधा एक लाकडी पट्टी असते, आणि तीही गिऱ्हाइकाने मागितली तरच बाहेर निघते.

मग रुंद पावलाचा माणूस काय करतो? आठ नंबर चावतो म्हणून नऊ घेतो, नऊ चावतो म्हणून दहा. रुंदी मिळते, पण लांबी फाजील होते. बूट जिथे वाकतो तिथे चवडा येत नाही. टाच मागे वरखाली होते, तिथे फोड येतात, आणि बूट पायातून निघू नये म्हणून बोटे नकळत मुडपून धरावी लागतात. एक दुखणे टाळायला जावे तर दुसरे पदरात पडते.

आपल्या पावलांसाठी आपले माप हवे, हा विचार सरकारी पातळीवरही झाला आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशातील ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक लोकांची पावले यंत्राने मोजली. युरोप-अमेरिकेच्या मानाने भारतीय पावले रुंद असतात, असे त्यात दिसून आले. त्यावरून ‘भा’ नावाची भारतीय मापपद्धती सुचवण्यात आली. २०२४ साली तिची बरीच चर्चा झाली. गिऱ्हाइकाला वर्षानुवर्षे जे पायाने कळत होते, ते आता आकड्यांनी सांगितले आहे.

मात्र एक धोका आहे. नंबर बदलला आणि फर्मा तसाच टोकदार राहिला, तर फायदा अर्धाच होईल. रुंदी वाढवूनही टोक मध्यावर ठेवले तर अंगठ्याला ढकलणे चालूच राहणार. माप आणि आकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कारखानदारांनी आणि गिऱ्हाइकांनीही ध्यानात घ्यावे.

चांगला साहेबी बूट कसा करावा?

पहिली गोष्ट, आतली कड सरळ. टोकाचा गोलावा मध्यावर न ठेवता अंगठ्याच्या बाजूला सरकवावा आणि करंगळीकडे हळूहळू उतरवावा. दुसरी, बोटे संपेपर्यंत बूट निमुळता होऊ नये. शोभेसाठी टोक हवेच असेल तर ते बोटांच्या पुढे, रिकाम्या जागेत काढावे. त्रास टोकाचा नसतो. बोटे संपण्याआधीच उतार सुरू होतो, त्याचा असतो. तिसरी, उंची. बोटांच्या वर चामड्याचे छप्पर इतके बसके नसावे की नख घासेल. चौथी, मागे टाच नीट धरणारी आणि वर लेस. लेस पाऊल मागे धरून ठेवते, त्यामुळे बोटांवर धडक बसत नाही. बिनलेसचा बूट पायात राहायचा तर तो घट्ट करावाच लागतो, हे त्याचे मोठे न्यून आहे. पाचवी, टाचेची उंची एक-दोन सेंटिमीटर पुरे. सहावी, तळ चवड्याच्या जागी वाकणारा हवा, मधोमध मुडपणारा नको. सातवी, चामडे मऊ असावे आणि अंगठ्याच्या सांध्यावरून जाड शिवण जाऊ नये.

यातली एकही गोष्ट अशक्य नाही. आग्रा, कानपूर, तामिळनाडूतील आंबूर या ठिकाणी परदेशी गिऱ्हाइकांसाठी उत्तम बूट तयार होतात. कसब आपल्या घरात आहे. मापाचे बूट शिवणारा कारागीर आपल्या गावात असेल, तर फर्म्यावर हव्या त्या जागी चामड्याचे तुकडे चिकटवून तो अंगठ्याला आणि चवड्याला जागा करून देऊ शकतो. त्याच्याकडे नुसती चप्पल शिवायला न जाता पावलाचा कागदावरचा नकाशा घेऊन जावे. तयार बुटापेक्षा चार पैसे जास्त पडतील. पण चांगल्या चामड्याच्या बुटाला तळ बदलून वर्षानुवर्षे वापरता येते, हेही हिशेबात धरावे.

‘‘पण मग रुबाबाचे काय?’’ असे तरुण वाचक विचारतील. प्रश्न रास्त आहे. माणसाने समारंभात नीटनेटके दिसावे, यात गैर काही नाही. बूट रुबाबदार दिसतो तो रंगाने, पॉलिशने, बारीक शिवणीने, कापलेल्या कडेने, मधल्या भागाच्या सडसडीत घडणीने. मधल्या भागात पाऊल अरुंदच असते, तिथे कारागिराने बूट हवा तितका सडसडीत करावा. पुढे पाऊल रुंद आहे, तिथे त्याने हात आखडू नये. डोळ्यांची सवय हाही भाग आहेच. ज्या बेलबॉटम पँटवर एके काळी सारा कॉलेज फिदा होता, तिचे फोटो बघून त्याच मंडळींची नातवंडे हसतात. टोकदार बूट सुंदर वाटणे हीसुद्धा एक सवयच आहे.

नियम करणाऱ्यांना विनंती

अडचण अशी की अनेकांना बूट निवडण्याची मोकळीकच नसते. दुकानातील विक्रेते, हॉटेलातील स्वागतिका, सुरक्षारक्षक, औषध कंपन्यांचे प्रतिनिधी यांना दिवसभर उभे राहायचे किंवा हिंडायचे असते आणि पायात काय घालायचे ते मालक ठरवतो. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २०१७ मध्ये नोकरीच्या जागी स्त्रियांवर उंच टाचांची सक्ती करायला बंदी घातली. जपानमध्ये २०१९ साली युमी इशिकावा या तरुणीने अशाच सक्तीविरुद्ध मोहीम उघडली. जपानी भाषेत जोड्याला ‘कुत्सु’ म्हणतात आणि वेदनेला ‘कुत्सू’; त्या दोन शब्दांच्या खेळातूनच मोहिमेला नाव मिळाले. आपल्याकडच्या मालकांनी कायद्याची वाट कशाला पाहावी? ‘काळा, स्वच्छ, पॉलिश केलेला बूट’ एवढा नियम पुरेसा आहे. टोक कसे आणि टाच किती, हे घालणाऱ्यावर सोडावे.

दुसरी विनंती शाळांना. कर्नाटकातील राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी १९९२ साली चार ते तेरा वर्षांच्या २३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासून निष्कर्ष प्रसिद्ध केले. पादत्राणे वापरणाऱ्या मुलांत सपाट पाय ८.६ टक्के निघाले, तर अनवाणी मुलांत २.८ टक्के. बंद बूट वापरणाऱ्यांत प्रमाण सर्वांत जास्त, सँडल-चपला वापरणाऱ्यांत त्याहून कमी. म्हणून मुलांना अनवाणी पाठवा, असे मी मुळीच म्हणणार नाही. काटे, काचा, धनुर्वात, मातीतून अंगात शिरणारे जंत हे धोके आपल्या गावांत खरे आहेत. पण सहा वर्षांखालील मुलाला घरात, ओसरीवर अनवाणी खेळू द्यावे आणि बालवाडीत बंद बुटाची सक्ती करू नये, इतके तरी त्यातून शिकण्यासारखे आहे. पावसाळ्यात तर ओल्या मोज्यांत दिवसभर भिजलेले पाय घेऊन बसण्यापेक्षा मागे पट्टा असलेली सँडल केव्हाही बरी.

महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये सरकारी शाळांतील पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांना गणवेशाबरोबर एक जोड बूट आणि दोन जोड मोजे देण्याचा निर्णय घेतला व त्यासाठी विद्यार्थ्यामागे १७० रुपये ठरवले. ज्या मुलाच्या पायात कधी बूट नव्हता, त्याच्यासाठी ही चांगलीच गोष्ट आहे. पण एवढ्या पैशांत फर्म्याची चिकित्सा कोण करणार? निदान एक गोष्ट फुकट होण्यासारखी आहे. अशी खरेदी करताना शाळेने इयत्तेवरून अंदाजे नंबर न मागवता प्रत्येक मुलाला कागदावर उभे करून दोन्ही पावलांची लांबी-रुंदी लिहून घ्यावी. एका वर्गाला एक तास पुरेल. पालकांनीही ‘वाढत्या अंगाचा’ म्हणून दोन नंबर मोठा बूट घेऊन त्यात कापूस कोंबू नये, आणि थोरल्याचा झिजलेला बूट धाकट्याला देऊ नये. शर्ट चालतो, बूट चालत नाही. दर दोन-तीन महिन्यांनी पुढे जागा उरली आहे का, ते बघावे. लहान मूल बूट चावतो म्हणून तक्रार करीलच असे नाही, कारण त्याची हाडे अजून कोवळी असतात आणि दाबली तरी दुखत नाहीत.

मधुमेहींसाठी ही चैन नव्हे

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत. जुन्या मधुमेहात पायाची संवेदना कमी होत जाते. निरोगी माणसाला बूट चावला तर तो बूट काढतो. बधिर पायाच्या माणसाला चावलेला कळतच नाही. फोड येतो, फुटतो, चिघळतो, आणि पुढे बोट किंवा पाय गमावण्यापर्यंत मजल जाते. त्याची सुरुवात अनेकदा नव्या घट्ट बुटाने झालेली असते.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ साली रुजू झालेले डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या बाबतीत हेच ओळखले. बोटे रोगाने आपोआप झडतात, असा समज होता. डॉ. ब्रँड यांनी दाखवून दिले की, बधिर पायावर पुन्हा पुन्हा पडणारा दाब आणि लक्षात न आलेल्या जखमा यांमुळे पाय खराब होतात. त्यातूनच मऊ, सूक्ष्म छिद्रांच्या रबरी तळाची पादत्राणे पुढे आली. ‘एमसीआर चप्पल’ म्हणून आज मधुमेहींना जी सांगतात, तिची परंपरा ही आहे.

मधुमेह असणाऱ्यांनी टोकदार बूट घरातून हद्दपार करावा. बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा, खिळा, दुमडलेले अस्तर आहे का ते पाहावे. नवा बूट पहिले काही दिवस तास-दोन तासच घालावा आणि काढल्यावर पाऊल निरखावे. तळवा दिसत नसेल तर आरसा धरावा. कुरूप ब्लेडने कापू नये, औषधी पट्टीने जाळू नये. देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी चालू नये, निदान जाड मोजे घालावेत. आणि अंगठ्याचा आपला कोल्हापुरी जोड कितीही आवडता असला, तरी बधिर पायाला तो नको. त्यात बोटे मोकळी राहतात ही त्याची चांगली बाजू. पण कोरे चामडे अंगठ्याला कापते आणि उघड्या पायाला ठेचही लागते.

दुकानात जाताना

घरी एक प्रयोग करा. कागदावर उभे राहा, भार दोन्ही पायांवर सारखा ठेवा आणि दुसऱ्याकडून पेन्सिल उभी धरून पावलाभोवती रेघ काढून घ्या. मग आपला नेहमीचा बूट त्या नकाशावर ठेवा. बुटाबाहेर रेघ दिसली तर तेवढे पाऊल आपण रोज आत कोंबत आहात. हा नकाशा कापून दुकानात घेऊन जा. बुटातली आतली गादी निघत असेल तर ती काढून तिच्यावर उभे राहा. बोटे बाहेर येत असतील तर तो बूट परत करा.

खरेदी संध्याकाळी करावी, कारण दिवसभराने पाऊल थोडे सुजलेले असते. ज्या मोज्यांवर बूट घालायचा तेच मोजे घालून जावे. दोन्ही पाय मोजावेत, कारण ते बहुधा सारखे नसतात; मोठ्या पायाचे माप धरावे. उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे सुमारे एक सेंटिमीटर जागा हवी. बोटे आत हलवता आली पाहिजेत. दुकानात दहा पावले नव्हे, दहा मिनिटे चालून बघावे. वीस वर्षांपूर्वी आपला नंबर सात होता म्हणून आजही सातच असेल, असे धरू नये. वयाबरोबर पाऊल पसरते, बाळंतपणानंतरही ते वाढलेले असू शकते. ‘सैल होईल’ हे आश्वासन स्वीकारू नये. ताणून चामडे काही मिलिमीटर पसरते, साच्याचा आकार बदलत नाही.

अंगठा आधीच बराच कललेला असेल तर रुंद बुटाने तो सरळ होणार नाही. पण घासणे थांबते, दुखणे उतरते आणि पुष्कळांचे शस्त्रक्रियेवाचून निभावते. दुखणे टिकून राहिले, बधिरपणा आला किंवा जखम भरत नसेल, तर अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावे.

दुकानदार तेच ठेवतो जे खपते. म्हणून पुढच्या वेळी त्याला निदान एवढे विचारा: ‘‘याच नंबरात रुंद बूट आहे का? पुढून गोल, आतून सरळ असा आहे का?’’ पहिल्यांदा तो नाही म्हणेल. दहा गिऱ्हाइकांनी विचारले की तो घाऊक व्यापाऱ्याला विचारील, आणि व्यापारी कारखानदाराला. तोपर्यंत नकाशा खिशात असू द्यावा, आणि लग्नाच्या घाईत तो घरी विसरू नये.